लाल उतरेपर्यंत

सकाळी अकराच्या सुमाराला कुसाक्का साखर कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आमटीला फोडणी देत होती, तेव्हा तिच्या मनगटावरची पट्टी थरथरली. मोहरी तडतडत होती म्हणून पहिल्यांदा तिला कळलं नाही. दुसऱ्यांदा थरथरली तशी तिनं पळी खाली ठेवली, हात पदराला पुसला आणि पट्टीवरचा इवलासा पडदा डोळ्यांजवळ धरला.

सातगोंडा मगदूम. लाल. ११.२०. जामीनदाराचा शब्द द्या.

खाली दोन चौकोन होते. एकात 'खरं', दुसऱ्यात 'खोटं'. बाजूला आकडे उलटे धावू लागले होते. दहा मिनिटं.

"काय झालं, आक्का?" कांदा चिरणाऱ्या बाईनं विचारलं.

"काय न्हाई. गॅस बारीक कर तेवढा," असं म्हणून ती बाहेर पडली. 'काय न्हाई' हे दोन शब्द तिच्या जिभेवर इतके बसले होते की ते बोलायला तिला विचार करावा लागत नसे.

सातगोंडा तिचा धाकटा भाऊ. बारा वर्षांनी धाकटा. आई लवकर गेली, म्हणून त्याला तिनंच वाढवलेला. याच कारखान्यात तो पॅनमन होता. उसाचा रस आटवून त्याचा पाक झाला की तो पॅन नावाच्या लोखंडी हंड्यात घेतात. हंडा दोन मजले उंच. आतली हवा उपसून काढलेली असते, त्यामुळं पाक कमी आचेवर उकळतो आणि करपत नाही. उकळता उकळता एक घडी अशी येते की पाकाला आता पाक म्हणून राहवत नाही, त्याला साखर व्हायचं असतं. त्याच घडीला दाणा धरावा लागतो. आधी धरला तर विरघळतो, उशीर झाला तर भुकटी पडते. बाकीचे पॅन यंत्रावर चालत. पण यंदा पुरात बुडून राहिलेला ऊस आला होता. त्याचा रस चिकट, आणि त्यात यंत्राचा डोळा फसायचा. म्हणून तीन नंबरचा जुना पॅन पुन्हा माणसाच्या हाती दिला होता, आणि तसा हात पंचक्रोशीत एकच उरला होता. तो दारूतून उठलेल्या माणसाचा होता.

सातगोंडानं बाटली सोडली त्याला तीन वर्षं झाली होती. पण सोडलेल्यालाही आता पट्टी बांधावी लागे.

या पट्टीला लोक 'चाहूल' म्हणत. चिंच बघितली की तोंडाला पाणी सुटतं. आपण खायचं ठरवलेलं नसतं, तरी जिभेनं तयारी केलेली असते. दारूचंही तसंच आहे. ज्याच्या अंगात ती मुरली, त्याला एखादा वास, एखादं वळण, एखादी जुनी आठवण नुसती शिवून गेली तरी डोक्यातला मागणारा भाग जागा होतो. मनाला पत्ता लागायच्या आधीच शरीर कामाला लागतं. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं, घामातला खार बदलतो, हाताची कातडी किंचित गार पडते. माणसाच्या बोटांना हे कळत नाही, चाहूलला कळे. पहिला महिनाभर ती नुसता माणूस ओळखून घेई. हा रागावला की असं होतं, जिना चढला की असं, भूक लागली की असं. मग त्यातून तल्लफ वेगळी काढी. लाल दिवा लागलेल्या दहांतले आठ जण त्याच दिवशी पितात, असं बनवणारे सांगत, आणि ते कागदोपत्री खरं होतं.

पट्टी शोधून काढली होती एका डॉक्टरांनी, आणि ती चांगल्या मनानं. पहिल्या पट्ट्यांचा दिवा आतल्या बाजूला होता, कातडीकडं तोंड करून. ज्याचं त्याला कळावं, त्यानं दोन घोट पाणी प्यावं, कुणाला तरी हाक मारावी, एवढाच हेतू. मग विमेवाले आले. ते म्हणाले, ट्रक चालवणाऱ्याला तल्लफ आली हे त्याच्या हाताला कळतं, तर मालकाला का कळू नये? दिवा बाहेरच्या बाजूला आला. त्याच्या मागोमाग बसगाड्या आल्या, शाळा आल्या, कारखाने आले. तोंडानं फुंकायची नळी अडगळीत गेली. नळी प्यायल्यावर सांगते, मग माणूस पिईपर्यंत थांबायचं कशाला? घरमालक भाडेकरूचा हात बघू लागले. चहाच्या टपरीवर असा कुणी आला की लोक आधी मनगट बघत, मग तोंड, आणि जमलंच तर नाव विचारत.

कारखान्याचा नियम सोपा होता. लाल लागला की जामीनदाराच्या मनगटावरच्या निरोपाच्या पट्टीवर खबर येई आणि त्यानं दहा मिनिटांत शब्द द्यायचा. सातगोंडाची जामीनदार कुसाक्काच होती. 'खोटं' दाबलं तर यंत्राची चूक समजून दिवा हिरवा होई आणि तासभर पट्टी गप्प बसे. 'खरं' दाबलं, किंवा काहीच दाबलं नाही, तर माणसाला हाताला धरून कामावरून काढायचं आणि गेटाबाहेर पोचवायचं. मग तो हंगाम त्याच्यासाठी संपला. गेट त्याला पुन्हा आत घेत नसे, आणि नाव सगळ्या कारखान्यांच्या यादीत पाच वर्षांसाठी जाई.

या हंगामात दोनदा लाल लागला होता. एकदा बॉयलर पेटवला त्या दिवशी, एकदा आईच्या श्राद्धाला. दोन्ही वेळा कुसाक्कानं काही न बघता, काही न विचारता 'खोटं' दाबलं होतं. तिला ते पाप वाटलं नव्हतं. आयुष्यभर तिनं दुसरं केलं तरी काय होतं? 'त्याला ताप आलाय', 'तो मिरजेला पाहुण्याकडं गेलाय', 'पाय मुरगळलाय, उद्या येईल'. भावाचं सगळं तिनं पोटात घातलं होतं.

पॅनघराच्या लोखंडी जिन्याशी दस्तगीर मुल्ला उभा होता. कारखान्याचा सुरक्षारक्षक, सातगोंडाच्या वर्गातला, सातवीत दोघं एकदमच नापास झालेले.

"आक्का, माझ्या फोनवर आलंय," तो म्हणाला. "तुमचा शब्द काय ते सांगा. म्हंजे मी वर जायचं का चहाला जायचं ते ठरवतो."

"बाजूला हो."

"दोनदा खोटं दाबलंसा, तिसऱ्यांदा दाबा. माझ्या गुडघ्यांवर उपकार हुतील. चाळीस पायऱ्या हायत."

ती वर चढली. वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती आणि सात मिनिटं उरली होती.

पॅनघरात गुळासारखा गोड, जड वास कोंडलेला असायचा. आज त्यात दुसरा वास मिसळला होता. आंबलेल्या मळीचा. कारखान्याच्या भिंतीला लागूनच दारू गाळायची आसवनी होती, आणि रोज नदीकडं जाणारा तिचा वास आज पूर्वेच्या खिडक्यांतून सरळ आत येत होता. कुसाक्कासुद्धा नाकाला पदर लावणार होती. मग तिला भावाची पाठ दिसली.

सातगोंडा पॅनच्या तोंडाशी उभा होता. हातात काचेची पट्टी, तिच्यावर पाकाचा थेंब, आणि तो ती दिव्यासमोर धरून बघत होता. मनगटावर लाल ठिपका जळत होता.

"साता."

त्यानं मागं वळून बघितलं नाही. "आलीस व्हय. किती ऱ्हायलीत?"

"सहा. पिलायस?"

"तोंड हुंग."

ती जवळ गेली. चहाचा वास होता, बाकी काही नाही. तिनं बोट उचललं. "मग दाबते खोटं. आमटी गॅसवर हाय माझी."

"नगं, आक्का."

"का?"

"खोटं न्हाई ते. तल्लफ आलीया. दातापासनं पोटापतूर आलीया." त्यानं काच पुसली, पॅनची कळ ओढून नवा थेंब घेतला. हात चालत होते, आवाज मात्र खालच्या पट्टीत होता. "वारं फिरलं नऊला. तवापासनं हुबा हाय."

"असू दे खरं. कोण बघाय येतंय वर?"

"मागल्या खेपंला तू खोटं दाबलंस. आईच्या श्राद्धाला. मग काय झालं तुला ठाव हाय?"

तिला ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं.

"दिवा हिरवा झाला. तासभर पट्टी काय बोलणार न्हाई हे मला ठाव. जेवणाची सुट्टी हुती. मी भिंतीपलीकडच्या दुकानात गेलो. बाटली घेटली, हातात हुती. दुकानदार गिलास आणाय आत गेला. तेवढ्यात मी उठलो आन पळालो. का उठलो मला म्हाईत न्हाई. त्येच्या हाताशीच गिलास असता तर आज मी हितं नसतो." त्यानं आता पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं. "तू झाकतीस न्हवं, तवा मला आतनं वाटतं, चला, झाकणारं माणूस हाय. तुझा दोष न्हाई. पण तसं वाटतं."

कुसाक्काला वाटलं, आपल्या पायाखालची लोखंडी जाळी हलतेय. खाली दुसऱ्या मजल्यावरची यंत्रं दिसत होती. चाळीस वर्षांत ती भावाला इतक्या वेळा वाचवत आली होती, आणि त्यातली निदान एक वेळ तिनंच त्याला दुकानापर्यंत पोचवलं होतं. बाकीच्या वेळांचा विचार करायला आता वेळ नव्हता.

"मग खरं दाबू? दस्तगीर खालीच हाय. धरून गेटाभाईर काढतील."

"काढतील."

"भाईर गेलास तर?"

"भाईर ती भिंत हाय." तो थोडा थांबला. "मी सरळ घरी जाणार न्हाई, आक्का. तुला खोटं कशाला सांगू?"

"मग करू काय मी? दोनच बटनं हायत."

"हितं ऱ्हायलो तर उतरंल. हे येतंय, चढतंय, आन मग उतरतंय. ही पट्टी बांधायच्या आदी दोन वर्सांत कितींदा उतरलंय. काम हातात असलं, माणूस शेजारी असलं, की उतरतंय."

"त्येचं बटन न्हाई."

"न्हाई," तो म्हणाला आणि काच पुन्हा दिव्यासमोर धरली.

तीन मिनिटं. अडीच. कुसाक्का पडद्याकडं बघत राहिली. खोटं दाबावं तर मोकळा तास, आणि त्या तासात दुकान. खरं दाबावं तर गेट, आणि गेटाबाहेर तेच दुकान. दोन्ही रस्ते एकाच दारात जात होते. मधे फक्त ही लोखंडी जाळी होती, जिच्यावर तो आत्ता उभा होता. एवढ्या वर्षांत चार लोकांसमोर 'माझा भाऊ दारू पितो' हे वाक्य तिनं कधी तोंडातून काढलं नव्हतं. आजाऱ्याचं सगळे करतात, मेलेल्याला सगळे खांदा देतात, पण याचं नाव निघालं की लोक तिच्याकडं बघायचेच बंद होत, म्हणून नाव काढायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

सव्वा मिनिट उरलं असताना तिनं 'खरं' दाबलं. मग ती जिन्याच्या तोंडाशी गेली आणि सगळ्यात वरच्या पायरीवर आडवी मांडी घालून बसली.

दस्तगीर पायऱ्या मोजत वर आला. मागोमाग मुख्य रसायनतज्ज्ञ खर्डेकर मॅडम. पस्तिशीच्या, नियमाला धरून चालणाऱ्या. कारखान्यात त्यांना लोक मागं 'फूटपट्टी' म्हणत, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

"मावशी, वाट सोडा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, माझा भाऊ दारुडा हाय." तिचा आवाज अनोळखी वाटावा इतका मोठा निघाला. पलीकडच्या दोन पॅनवरची माणसं वळून बघायला लागली. "हुता न्हाई, हाय. आत्ता त्येला तल्लफ आलीया, म्हणून मी खरं दाबलं. त्यो प्यालेला न्हाई. आन त्यो हितनं हलणार न्हाई."

"असं नसतं. नियम मी केलेला नाही."

"नियम कुणाचा का असंना. पॅन तर तुमचा हाय?"

मॅडम तिला ओलांडून वर आल्या. कुसाक्कानं अडवलं नाही, दस्तगीरचा मात्र पट्टा धरून ठेवला. "आक्का, प्यांट निघंल माझी," तो हळूच म्हणाला. तिनं पट्टा सोडला नाही.

"काच द्या इकडं. मी बघते, तुम्ही खाली जा," मॅडम म्हणाल्या. सातगोंडानं काच दिली. मॅडमनी ती दिव्यासमोर धरली, तिरकी केली, पुन्हा सरळ केली. प्रयोगशाळेत त्यांनी हजारो नमुने तपासले होते. पण तिथं दाणा थांबलेला असतो. इथं तो व्हायच्या बेतात होता. शेजारच्या पडद्यावर यंत्र सांगत होतं, अजून अवकाश आहे.

"धरतोय का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"धरला. आता जादाचा बारीक दाणा पडाय लागलाय. अर्ध्या मिनटात पाणी दिऊन त्यो धुतला न्हाई तर भुकटी हुईल. मग चाळीस टन परत वितळाय घाला."

मॅडमनी यंत्राकडं बघितलं, मग त्याच्या मनगटाकडं, मग काचेकडं. "द्या पाणी."

त्यानं पाण्याच्या झडपेच्या चाकावर हात टाकला.

"दाणा धुवायला किती वेळ?"

"वीस मिंटं."

"वीस मिनिटं. मग मी घेईन आणि तुम्ही जाल. मुल्ला, तुम्ही त्यांच्या शेजारी उभे राहा. हाताला धरून."

कुसाक्कानं पट्टा सोडला. दस्तगीर जाऊन उभा राहिला, त्यानं सातगोंडाचा डावा दंड धरला, पण असा धरला की दोघं जत्रेत चालल्यासारखे दिसत होते.

मग दिवा लपलपू लागला. लपलपणं म्हणजे आता काही मिनिटांचाच प्रश्न आहे, असं यंत्राचं म्हणणं. मॅडमच्या फोनवर इशारा वाजला. त्यांनी तो बंद केला, पुन्हा वाजला. सातगोंडाच्या कपाळावरून घाम नाकावर उतरत होता. त्यानं नवा थेंब घेतला, काच वर केली, आणि घामेजल्या बोटांतून काच निसटली आणि जाळीतून खाली गेली. दूर खाली तिचा आवाज झाला.

तो खिडकीकडं बघत होता. खिडकीतून भिंत दिसत होती.

कुसाक्का उठली. टेबलावरची दुसरी काच घेतली, त्याच्यापुढं केली. "थेंब टाक. मी धरते."

"उंच धर. तिरकी नगं." त्यानं घसा खाकरला. "बोलत ऱ्हा काय तरी."

"काय बोलू?"

"काय बी. मला शिव्या दे."

"शिव्या द्यायला काय कमी हाय व्हय तुझ्यात," ती म्हणाली आणि लगेच सुरू झाली. "चौथीत हुतास. वस्तीवरच्या गुऱ्हाळातनं गुळाची ढेप चोरलीस आन दप्तरात घातलीस. पुस्तकं सगळी चिकटली. गुरुजींनी वाचाय सांगितलं तर भूगोलाच्या पानाला गणिताचं पान."

"ढेप आम्ही दोघांनी चोरली हुती," दस्तगीर म्हणाला.

"तू गप. तुझ्या आईला मी सांगितलं न्हवतं म्हणून तू आज पोलिसासारखा हुबा हायस."

"हिच्यायला, हिथं बी झाकलंच हुतं म्हणा की आक्कांनी," दस्तगीर म्हणाला, आणि सातगोंडाच्या तोंडातून हसू आणि कण्हणं यांच्या मधला काहीतरी आवाज निघाला. हात चाकावर होता. पाणी कमी, पाक जास्त. पुन्हा थेंब. कुसाक्कानं काच धरली आणि तिलाही ते दिसलं. वीस वर्षं याला ती भाकरी पोचवत होती, पण हे तिनं कधी बघितलं नव्हतं. मघाशी नुसता पिवळा पाक होता, त्यात आता अगदी सारखे, धारदार कण चमकत होते, कुणी मोजून ठेवल्यासारखे.

घड्याळात अकरा पंचावन्न झाले. "मॅडम, वीस झाली," दस्तगीर म्हणाला. ते सांगणं त्याचं कामच होतं, आणि सांगताना त्याला बरं वाटत नव्हतं.

मॅडमनी विचारलं, "धुवून झाला?"

सातगोंडा अजून पाच मिनिटं मागू शकला असता. दाण्याबद्दल तो जे सांगेल ते खरं मानण्यावाचून कुणाला गत्यंतर नव्हतं. कुसाक्काला वाटलं, माग, अरे माग.

"झाला," तो म्हणाला. "आता नुसता पाक वढत ऱ्हायचा. यंत्र बी करंल आता. तुमी घेऊ शकता."

मॅडमनी चाकावर हात ठेवला. त्याचा हात अजून तिथंच होता. त्या काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात त्यांचं लक्ष त्याच्या मनगटाकडं गेलं आणि त्या थांबल्या. दिव्याचं लपलपणं बंद झालं होतं. तो नुसता लाल होता.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या.

"म्हंजे नेऊ का नको?" दस्तगीरनं विचारलं.

"मी थांबा म्हणाले."

चौघं उभे राहिले. पाक ओढला जात होता, खाली यंत्रं घरघरत होती, आणि चौघंही एका मसुराएवढ्या दिव्याकडं बघत होते. लाल फिका पडला, मग शेंदरी झाला. सातगोंडानं डोळे मिटले होते, त्याला बघायची गरज नव्हती, त्याला आतून कळत होतं. बारा वाजून एक मिनिटाला दिवा पिवळा झाला. बारा चारला हिरवा.

मॅडमनी फोनवरचा अर्ज उघडला. त्यात रकाने होते. लाल लागल्याची वेळ. जामीनदाराचा शब्द. कामावरून काढल्याची वेळ. त्या खालीवर करत राहिल्या.

"लाल उतरल्याची वेळ लिहायला जागाच नाही," त्या म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलू लागल्या. "दहातले आठ पितात. बरोबर आहे. लाल लागला की आपण हाकलतो, चारचौघांत, हाताला धरून. हाकललेला माणूस जाऊन पितो. तो प्याला हे यंत्राला कळवलं जातं, आणि यंत्र म्हणतं, बघा, मी सांगितलं होतं. इथंच थांबू दिलेला माणूस त्यानं कधी बघितलेलाच नाही. कुणी थांबूच दिला नाही."

"ते ठीक हाय, मॅडम," दस्तगीर म्हणाला. "पण लाल माणसाला धरून न्यायची ऑर्डर हाय. आता ह्यो हिरवा झाला. हिरव्याला कसा धरू?"

कामावरून काढल्याच्या रकान्यात मॅडमनी लिहिलं, काढलं नाही. खाली लिहिलं, ११.२० ते १२.०४, चव्वेचाळीस मिनिटं, काम चालू, दाणा उत्तम. आपलं पूर्ण नाव घातलं. फूटपट्टीनं आखलेल्या रेघेबाहेर त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच काही लिहिलं असावं, कारण पाठवायच्या आधी त्यांनी ते तीनदा वाचलं.

पण 'खरं' हा शब्द शहरात, विमेवाल्यांच्या नोंदीत पोचला होता, आणि गेटाला अर्ज वाचता येत नव्हता. दुपारी चारचा भोंगा झाला. पाळी सुटली. सातगोंडा डबा घेऊन गेटापाशी आला तर पडद्यावर त्याच्या नावापुढं दोन ओळी होत्या. बाहेर जाण्यास परवानगी. आत येण्यास मनाई.

मॅडम कार्यकारी संचालकांच्या खोलीतून बाहेर आल्या. त्यांचं तोंड लाल झालं होतं. "उद्या सकाळी आठच्या पॅनला तुमचं नाव लावलंय," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणाले, सकाळच्या बैठकीत ठरवू. तोपर्यंत तुम्ही आवारात असाल तर तुम्ही कामावर आहात. गेटाबाहेर पाऊल पडलं, तर मग माझ्या हातात काही नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुमच्याही नाही, मावशी."

"रातभर हितंच?" कुसाक्कानं विचारलं.

"हो."

सगळी पाळी त्याच्या अंगावरून बाहेर गेली. कुणी मनगट बघितलं, कुणी तोंड फिरवलं. दोन नंबरच्या पॅनवरचा म्हातारा जाता जाता म्हणाला, "दाणा झ्याक पडला म्हणं," आणि थांबला नाही. समोर रस्ता होता. रस्त्याच्या कडेनं भिंत गेली होती, आणि वारं अजून पूर्वेचंच होतं.

दस्तगीरनं आपल्या केबिनमधून बाकडं ओढून गेटाच्या आतल्या बाजूला टाकलं. तिघं बसले. मग कुसाक्काच्या मनगटावरची पट्टी थरथरली. तिनं पडद्याकडं बघितलं नाही. भावाकडं बघितलं.

"आली?"

"आली."

"बरं," ती म्हणाली. "बस."

दस्तगीरनं केबिनच्या घड्याळाकडं मान वळवली. "मघाशी चव्वेचाळीस लागली," तो म्हणाला. "मी म्हणतो, आता पस्तीस."

सातगोंडानं दोन्ही हातांनी बाकड्याची कड घट्ट धरली. "चाळीस," तो म्हणाला.